औंध : जिल्ह्याच्या सीमेत न मावणारा वाङ्मयेतिहास

प्रादेशिक वाङ्मयेतिहास म्हणून आपल्याकडे बहुधा साहित्यिकांच्या जिल्हावार याद्या सिद्ध होतात. ही चौकट सोयीची असली तरी ती इतिहासाची नव्हे. औंधचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

औंध संस्थानाचा प्रदेश सलग नव्हता. १९४८ मध्ये ते विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी, कुंडल व किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहेत. परिणामी एकाच परिसरात घडलेले वाङ्मयीन जीवन अभ्यासकांच्या दृष्टीने दुभंगले. माडगूळकर बंधू सांगलीच्या यादीत गेले. किर्लोस्करवाडीहून निघणारी 'किर्लोस्कर', 'स्त्री' ही मासिके नियतकालिकांच्या इतिहासात गेली. १९१८ पासून तीन दशके औंधात राहून वेदवाङ्मयाचे संपादन करणारे पं. सातवळेकर पुढे पारडीला गेले आणि मराठीच्या अभ्यासक्षेत्राबाहेरच राहिले. औंधच्या वाट्याला उरले ते यमाईचे देवस्थान आणि १९३८ चे श्रीभवानी संग्रहालय. तेथील रविवर्म्याची चित्रे व हेन्री मूरचे शिल्प पाहून अभ्यासकही परततात. मात्र संग्रहालयाला जोडूनच ग्रंथसंग्रह आहे, याचे भान क्वचितच राहते.

वास्तविक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) संस्थान वगळून पुरती उलगडत नाही. तरुण मास्तरची शाळा संस्थानाची आहे आणि गावाने उभारलेल्या तालमीच्या उद्घाटनाला येतात ते संस्थानाधिपतीच. कादंबरीतील हा तपशील केवळ वातावरणनिर्मितीचा नसून तिच्या समाजरचनेचा आधार आहे.

अशा अभ्यासाचे पर्यवसान बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या स्तुतीत होईल, हा आक्षेप रास्त आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी दिलेला आश्रय आणि १९३९ च्या राज्यघटनेने प्रजेकडे सोपविलेला कारभार यांचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु त्याच संस्थानातील आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' शेजारी ठेवून वाचले, तर सुधारणा गावकुसाबाहेर किती पोचली हा प्रश्न टाळता येत नाही. तो प्रश्न उपस्थित होणे, हेच अशा अभ्यासाचे प्रयोजन होय.

म्हणून पदव्युत्तर लघुप्रबंधांसाठी एखाद्या लेखकाऐवजी औंध संस्थान हा विषय द्यावा, आणि त्याचा आरंभ संग्रहालयाच्या दालनांतून नव्हे, तर तेथील ग्रंथांच्या कपाटांपासून करावा.