पुसायचं असतं, धुवायचं नसतं!

मित्रहो, आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या माथी! 'वंगण' हा शब्दसुद्धा मला एका मेस्त्रींच्या तोंडून पहिल्यांदा कळला. ती वेळ माझ्यावर का आली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तर झालं असं... गेल्या दिवाळीत मी घरी, तासगावला गेलो होतो. सहज म्हणून पप्पांच्या जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं. आत धूळ, तेलाचे ओघळ आणि वाळलेली पानं! माझ्या अंगात लगेच 'थर्ड इयर मेकॅनिकल' संचारलं. शेजारच्या काकांचा प्रेशर वॉशर मागून आणला आणि अर्धा तास पाण्याचा मारा केला. इंजिन असं चकाचक झालं की मी फोटो काढून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. गाडी चालू करून बघितली, चालू झाली. माझी कॉलर ताठ!

दुसऱ्या दिवशी मिरजेला आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी ९ ची वेळ दिलेली. गावाबाहेर पडलो आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी धक्के खायला लागली. कवलापूरच्या अलीकडे ती बाजूला घ्यावी लागली. आजीला धरून एस.टी.त चढवलं. पोहोचेपर्यंत नंबर गेला होता. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. आजी म्हणाली, "असू दे रे बाळा, एवढी वर्षं अंधुक बघितलं, अजून आठ दिवस." पप्पा एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेस्त्री आले. त्यांनी कॉइल उपसली आणि मला आत बघायला सांगितलं. प्लगच्या खड्ड्यात पाणी भरलेलं! "काय इंजिनिअरसाहेब, विहीर खणली का?" प्लगला ठिणगी पाडायला १५-२० हजार व्होल्ट लागतात हे मी पेपरात लिहिलंय. पण ओल्या पोर्सेलिनवरून पळून जायची सोपी वाट मिळाली, तर ते व्होल्टेज गॅप ओलांडायचे कष्ट कशाला घेईल? मला १-३-४-२ ही फायरिंग ऑर्डर झोपेतही म्हणता येते. पण आमच्याच गाडीतला प्लग कुठे बसतो हे मला त्या दिवशी कळलं. मेस्त्रींनी हवा मारून खड्डा कोरडा केला आणि जाताना म्हणाले, "इंजिन धुवायचं नसतं रे, पुसायचं असतं."

यावर आमच्या रूममधल्या विद्वानांचा आक्षेप असा, की पावसात गाडी चालतेच ना? बऱ्याच कनेक्टरवर 'आयपी ६७' लिहिलेलं असतं! बरोबर. पण त्यातल्या ७ चा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून केलेली चाचणी. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास मारा करतो. शिवाय गाडी जुनी झाली की रबरी सीलही कडक होतात.

दुसरी आवडती पद्धत म्हणजे रॉकेल किंवा डिझेल फवारणं. रबराचे पाइप फुगतात, तेलकट थरावर उलट जास्त धूळ बसते आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर आगीला आमंत्रण! माझं स्पष्ट मत आहे, हा प्रकार पूर्णपणे बंद झाला पाहिजे.

मग करायचं कसं? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मेस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा केलं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कारण गरम भागावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. किल्ली खिशात. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही फिरतो, म्हणून बॅटरीही सोडवली. आधी निगेटिव्ह काढायची आणि शेवटी तीच जोडायची. पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. मग एअर इनटेक, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉइलवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. सुकी धूळ ब्रशने झाडली, पानं हाताने वेचली. तेलकट जागी सौम्य डीग्रीझर थेट फवारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. सांदीकोपऱ्यात जुना टूथब्रश, शेवटी ओलं फडकं आणि मग कोरडं. बेल्टला काहीही लावायचं नाही, नाहीतर तो घसरतो. सगळ्याला मिळून अर्धी बादली पाणी लागलं! मग पिशव्या मोजून काढल्या (इनटेकवर एखादी राहिली तर संपलंच), तासभर बॉनेट उघडं ठेवलं आणि मगच गाडी चालू केली. तेलाची फडकी गटारात न टाकता मेस्त्रींकडे दिली. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊच नका, तिथे जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज असतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. पुसायला सुरुवात करण्याआधी मेस्त्रींनी मला १० मिनिटं नुसतं बघायला लावलं होतं. रेडिएटरच्या खालच्या पाइपच्या क्लिपजवळ कूलंटचा वाळलेला डाग होता. क्लिप सैल झाली होती, ती आवळली. एका वायरवर उंदराचे दात उमटले होते, तिला टेप लावली. दिवाळीत हा डाग असेलही, पण मी १०० बारने सगळा पुरावाच धुऊन टाकला होता! मळ कुठून आला हे न बघता तो काढणं म्हणजे पेशंटला न तपासता पावडर लावून घरी पाठवणं.

म्हणून आमच्या सरांना एक नम्र विनंती. वर्कशॉपमधलं लाल-निळ्या रंगाचं कट-सेक्शन इंजिन आम्हाला पाठ झालंय. एक दुपार आम्हाला खरी, मळलेली गाडी द्या. एक ब्रश, एक फडकं, अर्धी बादली पाणी आणि एकच प्रश्न : हा डाग कुठून आला? मार्क नाही दिले तरी चालतील. आणि मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की वडिलांच्या गाडीचं बॉनेट जरूर उघडा. फक्त दुसऱ्या दिवशी कुणाला दवाखान्यात जायचं नाही ना, एवढं विचारून घ्या!

आजीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात छान झालं. आता तिला सगळं स्पष्ट दिसतं. परवा गाडीकडे बघून म्हणाली, "अरे, बाहेरून किती मळलीय ही! धूत नाहीस का हल्ली?"

बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल