हजेरी वकिलाची, बचाव कोणाचा?

म्हसवड पोलीस ठाण्याच्या हद्दीतला खुनाचा गुन्हा घ्या. खटला वडूजच्या सत्र न्यायालयात, आरोपी बहुधा साताऱ्याच्या कारागृहात. मोफत मिळालेला वकील त्याला पहिल्यांदा दिसतो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलिसांच्या देखत, साक्षीदाराचा पुकारा होण्याआधी. रोजनाम्यात वकील हजर. साक्षीखाली शेरा, ‘उलटतपास नाही’.

कायदा यात कमी पडलेला नाही. होसकोट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे गेली होती, पण ती आपल्याला मिळालीच नाही, असं कैद्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयात यायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. न्या. कृष्णा अय्यर यांनी 1978 साली निकालाची मोफत प्रत आणि सरकारी खर्चाने वकील हे दोन्ही कैद्याचे हक्क ठरवले. कसाबच्या अपिलात, 2012 साली, वकिलाचा हक्क दंडाधिकाऱ्यासमोरच्या पहिल्या हजेरीपासून सांगायचा, असा आदेश झाला. (ज्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नव्हतं, त्याच्या नावावर आज हा हक्क सगळ्यांना मिळतो!)

खांडव्याच्या अनोखीलाल खटल्यात वकिलाची नेमणूक आणि दोषारोप निश्चिती एकाच दिवशी उरकली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये फाशी रद्द करून फेरखटला लावला आणि फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात तयारीला साधारण किमान 7 दिवस द्यावेत, असं सांगितलं. पण ते मागायचे कोणी? आरोपीला ठाऊक नसतं, न्यायाधीशांवर जुन्या प्रकरणांचा भार. उरतो आपण वकील, आणि तारीख मागणारा वकील म्हणून नाव पडायची आपल्याला धास्ती.

न वाचलेला कागद किती महाग पडतो, हे 2003 च्या नाशिकच्या हत्याकांडाने दाखवलं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने 2006 साली फाशी सुनावली, 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना तीच शिक्षा दिली आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंतून ओळखलेले चौघे वेगळेच होते, आणि हे कागदावर होतं.

मानधन तुटपुंजं आहे, ही तक्रार रास्तच. 2022 पासूनच्या पूर्णवेळ बचाव वकिलांच्या योजनेने ती काहीशी हलकी केली, पण पगार आला म्हणून तुरुंगातली भेट आपोआप होत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे: विधी सेवा समितीच्या प्रत्येक फाईलवर आरोपीच्या भेटीची आणि दोषारोपपत्राची प्रत मिळाल्याची तारीख लिहावी. दोन्हींपैकी एक जरी रकाना कोरा असेल, तर पहिल्या साक्षीदाराने शपथ घेण्याआधी वकिलाने मुदतीसाठी लेखी अर्ज द्यावा, नामंजूर झाला तरी.