म्हातारपण परदेशात काढायचं? पैशाआधी कागद बघा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतून आखातात गेलेली माणसं कोकणाच्या मानाने थोडी. पण वरंधा घाट उतरलं की महाड लागतं, आणि त्या पट्ट्यात आखाताशी नातं नसलेलं मुस्लिम घर शोधावं लागतं. घाटाच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असल्यामुळे तिकडचे विषय आमच्याकडेही येतात. त्यात आता पुण्यात शिकून कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलांची भर पडली आहे. म्हणून लग्न असो की ईद, चार माणसं बसली की एक प्रश्न हमखास निघतो: रिटायर झाल्यावर राहायचं कुठे? तिकडे की इकडे?

चर्चा सुरू होते ती खर्चावरून. तिथलं भाडं किती, इथे बाई ठेवली तर किती, गोळ्या कुठे स्वस्त. आमचं म्हणणं असं की हे सगळे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न एकच आहे: त्या देशात राहण्याचा हक्क कुणाच्या नावावर आहे? स्वतःच्या, कंपनीच्या की मुलाच्या? याचं उत्तर मिळालं की बाकीचा हिशोब अर्ध्या तासात होतो.

आखात: नोकरी संपली की इकामा संपला

पंचवीस-तीस वर्षं दुबई किंवा जेद्दामध्ये काढलेल्या माणसाला ते शहर आपलं वाटायला लागतं. मुलं तिथे जन्मली, तिथेच शाळेत गेली. पण तिथलं नागरिकत्व परदेशी कामगाराला जवळजवळ मिळतच नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की ठराविक मुदतीत बॅग भरायची.

गेल्या काही वर्षांत यात एक फट पडली आहे. दुबईने २०२० मध्ये निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला आणि २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने तो देशभर लागू करायचं ठरवलं. वय ५५ च्या पुढे हवं. त्यासोबत तीनपैकी एक गोष्ट: १० लाख दिरहमची मालमत्ता, किंवा १० लाख दिरहमची शिल्लक, किंवा महिना २० हजार दिरहम उत्पन्न (दुबईत १५ हजार). पाच वर्षांनी अटी पुन्हा पूर्ण करायच्या.

आता हे आपल्या माणसाच्या हिशोबात बसवून बघू. समजा एकाने तिथे २० वर्षं नोकरी केली आणि त्याचा मूळ पगार ३ हजार दिरहम आहे. तिथल्या कायद्याने ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, भत्त्यांवर नाही. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. म्हणजे १०५ आणि ४५० मिळून ५५५ दिवस. रोजचे १०० दिरहम धरले तर ५५,५०० दिरहम. एक दिरहम साधारण २४ रुपये धरू. हातात आले सव्वातेरा लाखांच्या आसपास. आणि निवृत्ती व्हिसासाठी लागणारे १० लाख दिरहम म्हणजे २ कोटी ४० लाख रुपये.

वीस वर्षांची ग्रॅच्युइटी त्या अटीच्या अठराव्या हिश्शाइतकी होते. हा व्हिसा मॅनेजर, डॉक्टर, व्यापारी यांच्यासाठी आहे. ड्रायव्हर, फोरमन, दुकानातला सेल्समन यांच्यासाठी नाही. जाहिरात बघून कुणी हुरळून जाऊ नये म्हणून हे आकडे मांडले.

कुणी म्हणेल, गावची जमीन विकून भरू. तिथेही गणित अडतं. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख अमेरिकन डॉलर बाहेर पाठवता येतात. १० लाख दिरहम म्हणजे दोन लाख ७२ हजार डॉलर. एका नावावर, एका वर्षात ही रक्कम जातच नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने पाठवली, तर एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाने प्रत्येकी १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. दोघांचे मिळून ४४ लाख होतात. रिटर्न भरल्यावर ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकून राहतात. म्हणजे २ कोटी ४० लाखांवर आणखी ४४ लाख हाताशी हवेत.

सौदीने २०१९ मध्ये प्रीमियम इकामा आणला. कायमचा हवा तर ८ लाख रियाल, वर्षाचा हवा तर १ लाख रियाल. आपल्यातल्या अनेक बुजुर्गांची आरजू असते की आखरी दिवस मक्का-मदिनेजवळ जावेत. ही आरजू आम्ही समजू शकतो. पण उमऱ्याचा व्हिसा राहण्याचा परवाना नाही आणि मुदत संपल्यावर थांबणं हा तिथे गुन्हा आहे. इबादतीसाठी जाऊन कायदा मोडायची वेळ येऊ नये.

नियम बदलतात, आणि आपल्याला विचारून बदलत नाहीत

ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल आकारायला सुरुवात केली. दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ही रक्कम ४०० झाली. बायको आणि दोन मुलं असतील तर वर्षाला १४,४०० रियाल. त्याच वर्षी व्हॅट ५ वरून १५ टक्के झाला. कितीतरी लोकांनी त्या काळात घरचे गावी पाठवले आणि स्वतः खोलीवर राहायला गेले.

कुवेतने २०२० मध्ये ठरवलं की पदवी नसलेल्या, साठ ओलांडलेल्या परदेशी माणसाचा वर्क परमिट नूतनीकरण करायचा नाही. २०२१ च्या सुरुवातीपासून ते लागू झालं. पुढे तो निर्णय टिकला नाही आणि २०२२ मध्ये २५० दिनार शुल्क आणि खासगी आरोग्य विमा अशी अट आली. पण मधल्या काळात तीस-तीस वर्षं राहिलेल्या माणसांनी घरं आवरली, सामान विकलं. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. हक्क त्यांच्या नावावर नव्हता, एवढंच.

मुलांकडे जायचं ठरवलं तर

दुसरा गट आई-वडिलांचा. मुलगा टोरंटोला किंवा लंडनला स्थायिक झालाय, म्हणतो, अब्बा-अम्मी, आता इकडेच या. मुलाची नियत साफ असते. पण देशांचे दरवाजे अरुंद होत चाललेत.

कॅनडाचा सुपर व्हिसा आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. पण तो पाहुण्याचा व्हिसा आहे. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो, सरकारी दवाखान्याची सोय मिळत नाही. इंग्लंडने जुलै २०१२ पासून नियम इतके कडक केले की आई-वडिलांना रोजच्या कामासाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत पैसे पाठवूनही भारतात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. भोरमध्ये सांभाळायला माणूस मिळतो असं दिसलं, तर अर्ज तिथेच संपतो. ऑस्ट्रेलियात पैसे भरून मिळणारा पालक व्हिसा दर माणशी ४५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे जातो आणि तरीही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अमेरिकेत नागरिक मुलाच्या आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. तिथे दहा वर्षं नोकरी केलेली नसेल तर त्याचा हप्ताही भरावा लागतो. दवाखान्यात भरती असतानाच्या खर्चाच्या भागाचा पूर्ण हप्ता २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर होता.

आखातात नोकरी करणारा मुलगाही आई-वडिलांना नेतो. अमिरातीत त्यांचा व्हिसा वर्षा-वर्षाचा असतो आणि मुलाच्या व्हिसाला बांधलेला. मुलाची नोकरी गेली की तीन पिढ्यांचं घर एकदम उठतं. दवाखान्याचा खर्चही आधी विचारून ठेवा, कारण म्हातारपणी भाड्यापेक्षा तोच मोठा असतो. नोकरीत असताना विमा कंपनी काढते, नंतर तो आपल्या खिशातून.

गावी परतणंही फुकट नाही

याचा अर्थ भोर-वेल्ह्यात सगळं छान आहे असा नाही. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. पण हृदयाचा, किडनीचा, कॅन्सरचा इलाज पुण्यातच. पावसाळ्यात घाटातल्या आणि धरणाकाठच्या गावांतून पेशंट हलवणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. भाटघर किंवा गुंजवणीच्या पाण्याकाठी टुमदार बंगला बांधणाऱ्याने आधी रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार ते ठरवावं. आमचा सल्ला असा की परतायचंच असेल तर भोर शहरात, नसरापूरसारख्या हायवेलगतच्या गावात किंवा सरळ पुण्यात लहान घर बघावं.

इथे काही हक्क मात्र आपल्या नावावर असतात. सत्तर ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, मग उत्पन्न काहीही असो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आहे. ७५ नंतर एसटीचा प्रवास मोफत, त्याआधी ६५ पासून अर्धं तिकीट. पण त्यासाठी आधार चालू हवं, रेशन कार्डावर नाव हवं, ई-केवायसी झालेली हवी. वीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाचं नाव कधी कमी झालं हे घरच्यांनाही माहीत नसतं. परतल्यावर आजारपणात हे कागद गोळा करण्यापेक्षा सुट्टीत आल्यावर करावेत.

उत्पन्नाचं काय? बाजारात मिळणारे निवृत्तीचे बहुतेक हिशोब बँकेच्या व्याजावर उभे असतात. आपल्यातली बरीच कुटुंबं व्याज खात नाहीत, त्यामुळे ते तक्ते आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला गाळ्याचं भाडं, खोल्यांचं भाडं, शेतीचा खंड असं काही उभं करावं लागतं. ते साठाव्या वर्षी उभं राहत नाही, पंचेचाळिशीत सुरू करावं लागतं.

जमीन विकण्याआधी थांबा

रिंगरोड भोर तालुक्यापर्यंत येतोय, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी फार्महाऊसवाले फिरतायत. जमिनीला भाव आहे. परदेशी जाण्यासाठी किंवा मुलाला पाठवण्यासाठी शेतजमीन विकण्याचा मोह होणारच. पण कायदा बघा. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. ज्याने परदेशी पासपोर्ट घेतला त्यालाही ओसीआय कार्डावर शेती घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेती घ्यायला १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. सातबाऱ्यावरचा शेवटचा तुकडा गेला की परतीची एक वाट बंद होते. दहा गुंठे का होईना, ठेवावेत.

राहतं घर मुलाच्या नावावर हिबा करून त्याच्याकडे जाणाऱ्यांनीही सावध राहावं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने न सांभाळल्यास परत मागता येते. अट मात्र कागदावर लिहून घ्यावी. दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागता येते, त्यासाठी हायकोर्टात जावं लागत नाही.

मग करायचं काय?

ज्याच्याकडे स्वतःच्या नावाचा व्हिसा आहे, विमा आहे आणि पाच वर्षांनी अट पुन्हा पूर्ण करायची ऐपत आहे, त्याने खुशाल तिकडे राहावं. बाकीच्यांनी परतीची तयारी करावी, आणि ती नोकरी चालू असतानाच. मुलांकडे जाणाऱ्यांनी पाहुणे म्हणून जावं, महिने-दोन महिने, हवं तर वर्ष राहावं, पण इथलं घर मोडू नये.

सरकारकडेही मागणं आहे. केरळने २००८ च्या कायद्याने प्रवासी केरळीयांसाठी कल्याण मंडळ काढलं. सभासद होऊन वर्गणी भरली की साठीनंतर पेन्शन मिळते. केंद्राने २०१२ मध्ये आखाती कामगारांसाठी पेन्शन योजना आणली होती, ती २०१७ मध्ये बंद केली. रत्नागिरी, रायगडपासून पुणे जिल्ह्यापर्यंतची आखाती कुटुंबं एकत्र आली तर केरळसारखी योजना मागता येईल. आजवर आपण मशिदीच्या बांधकामाला आणि लग्नाला वर्गणी काढली, स्वतःच्या म्हातारपणासाठी कधी काढली नाही.

शेवटची गोष्ट घरातल्या बाईची. परदेशात तिचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला असतो. अमिरातीत २०१८ पासून विधवेला एक वर्षाची मुदत मिळते, म्हणजे इद्दत पुरी करून तिने त्याच वर्षात मुक्काम हलवायचा. अशा वेळी ती येणार कुठे? ज्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे, तिथेच. म्हणून या सुट्टीत तिकीट बुक करण्याआधी गावच्या घराचा नमुना आठचा उतारा काढून बघा. त्यावर तिचं नाव नसेल, तर पहिलं काम तेच.