कोळसा, वीज आणि पलटण : मजूरमंत्री आंबेडकरांची न वाचलेली चार वर्षे

दर एप्रिलमध्ये समाजमाध्यमांवर एक चित्र फिरते. बाबासाहेबांच्या छायाचित्राभोवती यादी असते : दामोदर धरण त्यांनी बांधले, हिराकूड त्यांनी बांधले, बारा तासांचा कामाचा दिवस त्यांनी आठ तासांवर आणला. खाली हजारो लोकांनी हात जोडलेले असतात. त्याच आठवड्यात दुसऱ्या गोटातून एकच वाक्य फिरते : १९४२ साली देश तुरुंगात होता आणि हे गृहस्थ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले होते. १९९७ साली अरुण शौरींनी याच आरोपाभोवती जाडजूड पुस्तक उभे केले. त्यानंतरच्या अनेकांनी तेवढेही कष्ट न घेता त्याचा सारांश उगाळला.

हा धागा या दोन्ही गोटांविरुद्ध आहे. जुलै १९४२ ते १९४६ चा मध्य या चार वर्षांत डॉ. आंबेडकर मजूरमंत्री होते. तेव्हाच्या मजूर खात्यात कामगारांच्या जोडीला खाणी, वीज, पाटबंधारे आणि सरकारी बांधकामही मोडत असे. महायुद्धाच्या ऐन मध्यावर या विषयांचा अर्थ एकच होता : देशाची संरक्षणक्षमता. भक्तांनी ही कारकीर्द धरणांच्या यादीत कोंबली, टीकाकारांनी तिला ‘सरकारी नोकरी’ म्हणून निकालात काढले. मध्यवर्ती विधिमंडळातील त्यांची भाषणे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ती मात्र दोघांनीही उघडलेली दिसत नाहीत.

आधी पलटणीपासून सुरुवात करायला हवी. कारण बाबासाहेबांच्या घरात ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा विषय वर्तमानपत्रातून आलेला नव्हता. आजोबा मालोजी सैन्यात, वडील रामजी सकपाळ सुभेदार, आईचे माहेरही सैनिकी. जन्म महूच्या छावणीत. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब आले ते दापोलीला. या गावाला ‘कॅम्प दापोली’ म्हणत आणि तेथे पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे असे, मुलींनाही. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिकवत. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्या समाजातील काही घरांत पोथ्या वाचणाऱ्या बायका होत्या त्या या छावण्यांमुळे. त्यामुळे १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली तेव्हा एक नोकरी गेली एवढेच घडले नाही. घरची शाळा, पेन्शन आणि सुभेदाराच्या हुद्द्याबरोबर येणारा मान हे सगळे एका फटक्यात नाहीसे झाले. यामागे ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ हा सिद्धान्त होता. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे सरकारनेच कोरली, त्यांची नातवंडे कागदोपत्री अचानक लढाऊ उरली नाहीत.

याविरुद्ध पहिला आवाज याच पेन्शनरांनी उठवला. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली सरकारला महार आठवले आणि १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडण्यात आली. १९२७ च्या महाड सत्याग्रहातही निवृत्त शिपाई आघाडीवर होते, हे या पार्श्वभूमीवर वाचावे.

जुलै १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाल्यावर बाबासाहेबांनी जो आग्रह धरला, तो या पन्नास वर्षांच्या अर्जांचा शेवटचा टप्पा होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ‘इंग्रजांना शिपाई पुरवले’ असे म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. याच्या थोडेच आधी पाकिस्तानच्या मागणीवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी फौजेच्या जातवार, प्रांतवार रचनेची आकडेवारी मांडली होती. ‘लढाऊ जात’ ही १८५७ नंतर राज्यकर्त्यांनी सोयीसाठी केलेली विभागणी आहे, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. डोंगर आणि नद्या पाहून आखलेल्या सीमेपेक्षा सैन्य कोणाचे आणि त्याची निष्ठा कोणाकडे हा प्रश्न मोठा, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटो वा न पटो, लाचार माणसाचा हा युक्तिवाद नव्हे.

आता १९४३. जपानी फौजा ब्रह्मदेशात, बंगालमध्ये दुष्काळ. जुलै महिन्यात वर्धमानजवळ दामोदर नदीने डावा बांध फोडला. ग्रँड ट्रंक रस्ता आणि कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग वाहून गेला. पूर्व आघाडीचे सर्वांत महत्त्वाचे शहर एका नदीमुळे उर्वरित देशापासून तुटले. दामोदर योजनेची गोष्ट सांगताना आपण सिंचन, विकास, नेहरूंची ‘नवी मंदिरे’ असे काहीबाही सांगतो. तिची खरी सुरुवात या तुटलेल्या लोहमार्गापाशी आहे.

बंगाल सरकारने पूर चौकशी समिती नेमली. तिच्यात मेघनाद साहा होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण असावे, ही कल्पना पुढे आली. टेनेसीच्याच कामातला वूरदुइन नावाचा अभियंता आला आणि त्याने प्राथमिक आराखडा दिला. बाबासाहेबांनी काय केले? नकाशा काढला नाही, काँक्रीटही ओतले नाही. बंगाल, बिहार आणि केंद्र या तीन सरकारांना त्यांनी एका मेजावर बसवले. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात परिषद झाली, ऑगस्टमध्ये पुन्हा. योजना केवळ पूर रोखण्यापुरती ठेवायची नाही, वीज, सिंचन आणि जलवाहतूक एकत्र धरायची, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओडिशातील नद्यांवर बोलताना तर त्यांनी बांध घालून पाणी समुद्रात हाकलण्याच्या जुन्या सरकारी विचारालाच हात घातला. पाणी जास्त आहे हे संकट नव्हे, ते साठवता येत नाही हे संकट आहे, असा त्या भाषणाचा रोख होता.

पुढे दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. वीज आणि बांधकाम खाते होते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे आणि विधेयक त्यांनीच पार पाडले. त्या एप्रिलच्या चित्रात गाडगीळ नसतात, साहा नसतात, वूरदुइनचा तर पत्ताच नसतो. बाबासाहेबांना मोठे करण्यासाठी इतरांना पुसावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांचा बाबासाहेबांच्या खऱ्या कामावर विश्वास कमी आहे.

जाता जाता कामाच्या तासांविषयी. १९४६ च्या फॅक्टरी कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. विधेयक त्यांनी मांडले, श्रेय त्यांचे. पण ‘बारावरून आठ’ हे खरे नाही.

विजेवरील त्यांचे महत्त्वाचे भाषण २५ ऑक्टोबर १९४३ चे, युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढचे. प्रश्न त्यांनी वकिलासारखे मांडले. वीज सरकारी असावी की खाजगी? खाजगी असेल तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि मग मुद्दा : स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत, उद्योग नसतील तर दारिद्र्याच्या फेऱ्यातून देश सुटणार नाही. त्यानंतरच्या वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग आला. १९४३ साली विचारलेला ‘केंद्र की प्रांत’ हा प्रश्न राज्यघटनेतही दिसतो. वीज समवर्ती सूचीत गेली, आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत, आणि नदीतंट्यांसाठी आजचे २६२ वे कलम आले. घटना समितीत ते मांडणारे तेच होते. घटनेचे शिल्पकार आणि मजूरमंत्री अशी दोन वेगळी माणसे नव्हती. खात्याच्या फायलीत जे अडले, ते मसुद्यात सोडवण्याचा हा प्रयत्न होता.

येथपर्यंतची गोष्ट भक्तांनाही आवडेल. यापुढची त्यांच्या कोणत्याही चित्रात सापडत नाही.

युद्ध कोळशावर चालले होते. रेल्वे, पोलाद, दारूगोळ्याचे कारखाने, सारे झरिया आणि राणीगंजच्या कोळशावर. १९४३ मध्ये खाणींतून माणसे निघून जाऊ लागली. जवळच विमानतळ आणि लष्करी रस्ते बांधले जात होते, तेथे उघड्यावर काम आणि बरी मजुरी. त्यात दुष्काळ. उत्पादन घसरले. तेव्हा सरकारने स्त्रियांच्या भुयारी कामावरची बंदी उठवली, ऑगस्ट १९४३ मध्ये मध्य प्रांतात आणि वर्षअखेरीस बंगाल-बिहारमध्ये. ही बंदी आंतरराष्ट्रीय कराराने आलेली होती आणि भारताने त्यावर १९३८ साली शिक्कामोर्तब केले होते. ती उठवणारे खाते बाबासाहेबांचे होते. ८ फेब्रुवारी १९४४ ला मध्यवर्ती विधिमंडळात यावर जाब विचारला गेला तेव्हा बचाव करायला उभे राहिले तेही तेच.

हेच बाबासाहेब जुलै १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार काही अंशी सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पंधरा वर्षांनी त्यांच्याच खात्याच्या सहीने बायका अंधाऱ्या भुयारात उतरल्या.

त्यांचा बचाव प्रामाणिकपणे मांडायला हवा. ही तात्पुरती आणीबाणी आहे, कोळसा नसेल तर बाकी सगळे थांबेल, आणि स्त्रियांना भुयारात पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी अट घातली आहे, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद भागातील खाणींत उतरून आले होते. जानेवारी १९४४ च्या अखेरीस वटहुकूम काढून कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा केला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर, त्यातून दवाखाने, पाणी, घरे. खाणीतील बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा केल्या. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली.

तरीही निर्णय चुकीचा होता. मजूर कमी पडत होते कारण खाणमालक मजुरी वाढवत नव्हते. लष्करी ठेकेदार वाढवत होते, म्हणून पुरुष तिकडे गेले. मग ती तूट संथाळ, बाउरी आणि तत्सम समाजांतील बायकांनी, म्हणजे बाजारातल्या सर्वांत स्वस्त हातांनी भरून काढावी, हे अर्थशास्त्राच्या डॉक्टरला न दिसण्यासारखे नव्हते. समान मजुरीचे तत्त्व मोठेच. पण मालकांवर मजुरीसाठी दबाव आणणे हा दुसरा रस्ता होता आणि युद्धकाळातल्या सरकारकडे त्यासाठी अधिकारही होते. बाबासाहेबांनी येथे राष्ट्रीय सुरक्षेच्या तराजूत एका पारड्यात कोळसा ठेवला आणि दुसऱ्यात गरीब बाई. पारडे कोळशाकडे झुकले. हे लिहिल्याने त्यांची उंची कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी १९२८ चे भाषण आणि १९४४ चे भाषण शेजारी ठेवून वाचावे. दुसऱ्या भाषणात बोलणारा माणूस अस्वस्थ आहे. अटींवर त्याने दिलेला भर तेच सांगतो.

युद्ध संपत आले तेव्हा आणखी एक प्रश्न याच खात्याच्या दारात आला. भारतीय फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि आता ती घरी परतणार होती. जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सुटलेल्या सैनिकांना आणि युद्धकारखान्यांतील कामगारांना काम शोधून देण्यासाठी देशभर रोजगार केंद्रांचे जाळे त्यातून पसरले. ज्या सेवायोजन कार्यालयात आपल्या आधीच्या पिढीने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याचे मूळ या परतणाऱ्या शिपायांच्या रांगेत आहे. पेन्शनरांच्या वस्तीत वाढलेल्या मंत्र्याच्या काळात ते घडले. या गोष्टीवर एकही चित्र फिरत नाही, कारण तिच्यात ना धरण आहे ना पुतळा.

मंत्रिपद सोडल्यावरही हा हिशेब त्यांनी चालू ठेवला. १० ऑक्टोबर १९५१ रोजी राजीनाम्याचे निवेदन सभागृहात वाचायला अडथळा आला म्हणून ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिलासाठी ते प्रसिद्ध आहे. त्यात एक परिच्छेद सैन्यखर्चावर आहे : ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातील सुमारे १८० कोटी फौजेवर जातात, आणि याला आपले परराष्ट्र धोरण जबाबदार आहे, कारण वेळ आली तर मदतीला येईल असा मित्र आपण ठेवलेला नाही. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशील यांवर असेच कठोर प्रश्न विचारले. यावरून त्यांनी १९६२ चे भाकीत केले असे सांगणारे व्हिडिओ आता निघतात. भाकीत नव्हे. सीमेवर शेजारी बदलला की खर्च बदलतो, आणि तो खर्च शाळा-दवाखान्यांतून कापला जातो, हा सुभेदाराच्या मुलाने मांडलेला जमाखर्च होता.

दामोदरच्या आराखड्यात आठ धरणे होती. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच पहिल्या टप्प्यात, १९५३ ते १९५९ दरम्यान झाली. १९४५ च्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की योजनेचा लाभ खोऱ्यातल्या आणि आसपासच्या लोकांपर्यंत थेट पोहोचला पाहिजे. मैथन आणि पंचेतच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांच्यातले अनेक जण नोकरी आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी पुढे दशकानुदशके महामंडळाच्या दारात उभे राहिले. त्यांच्यात संथाळ कुटुंबे बरीच होती.