संकोचाची किंमत

पेढीवर रोकडीचा मेळ त्याच दिवशी बसवला जातो; एका रुपयाचा फरकही उद्यावर ढकलला जात नाही. त्याच घरातील गृहिणी मात्र 'अंगावरून जाण्याची' तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढते. सासूबाईंना सांगण्याचा संकोच, पतीला सांगण्याची लाज आणि घरातील कामे, यांत डॉक्टरांकडे जाणे राहून जाते.

पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे प्रथम स्पष्ट असावे. पातळ, पांढुरका, दुर्गंधी नसलेला स्राव नैसर्गिक असतो. दह्यासारखा घट्ट स्राव व खाज असल्यास तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. परंतु दुर्गंधीयुक्त, पाण्यासारखा वा रक्तमिश्रित स्राव थांबत नसेल, शरीरसंबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसले, अथवा पाळी कायमची गेल्यावर एकदाही रक्तस्राव झाला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

तथापि लक्षणांची वाट पाहणेही योग्य नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यास त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्या काळात बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही. तपासणीने मात्र दोष सापडतो आणि उपचारही सोपे असतात.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणीची सोय मिळालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. अशी तपासणी न मिळालेल्या, संख्येने काहीशा लहान गटात ६४.

लेकींसाठी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' लस २०२३ पासून उपलब्ध आहे. नऊ ते चौदा हे तिचे सर्वांत योग्य वय. मात्र लस घेतलेल्या स्त्रीलाही तिशीनंतर तपासणी हवीच.

पुढाकार घरातील ज्येष्ठ स्त्रीने घ्यावा. सासूबाई स्वतःच्या तपासणीला निघाल्या आणि सुनेलाही सोबत नेले, तर त्या घरातील संकोच तेथेच संपेल.