विश्लेषण : ‘फायनल’ लिहिण्याची आठवण कुणी ठेवायची?

जावा भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्याला ‘फायनल’ हा शब्द लवकरच भेटतो. व्हेरिएबलपुढे तो लावला की एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही. मेथडपुढे लावला की उपवर्गाला ती मेथड आपल्या पद्धतीने नव्याने लिहिता येत नाही. आणि क्लासपुढे लावला, तर त्या क्लासचा उपवर्गच कुणाला काढता येत नाही.

इतकी कडक बंदी कशाला?

जावातला ‘स्ट्रिंग’ क्लास फायनल आहे. तो तसा नसता तर? प्रोग्रॅम फाइलचे नाव तपासतो, परवानगी आहे याची खात्री करतो, मग फाइल उघडतो. स्ट्रिंगचा बनावट उपवर्ग काढता आला असता, तर तपासणीच्या वेळी एक नाव आणि उघडताना दुसरेच नाव पुढे करता आले असते. सुरक्षेचा सारा डोलाराच त्यात कोसळला असता.

मग अडचण कुठे?

जावात काहीच लिहिले नाही तर क्लास खुला राहतो. घाईत खुल्या राहिलेल्या क्लासवर इतर लोक आपले उपवर्ग उभे करतात. पुढे मूळ क्लासच्या आतला बारीकसा बदलही ते मोडू शकतो, आणि तेव्हा ‘फायनल’ लावू म्हटले तर ते चालतच नाहीत. बंद क्लास नंतर खुला केला तर मात्र सहसा कुणाचे बिघडत नाही. वारशाची नीट आखणी करून तशी नोंद ठेवा, नाहीतर वारसा बंद करा, असे जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात २००१ मध्येच बजावले होते.

कोटलिन भाषेने हे ऐकले. तिथे क्लास मुळात बंद. खुला करायचा तर ‘ओपन’ लिहावे लागते. हाच क्रम शहाणपणाचा. स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कला प्रोग्रॅम चालू असताना उपवर्ग काढावे लागतात, म्हणून कोटलिनला वेगळे प्लगइन द्यावे लागले, हे खरे. पण तो त्रास एकदाचा. जावानेही २०२१ च्या १७व्या आवृत्तीत ‘सील्ड’ क्लास कायम केले : कोणते उपवर्ग चालतील, त्यांची नावे आधीच द्यायची.

‘फायनल’वर फाजील विश्वासही नको. फायनल म्हटलेल्या यादीत नवी नावे खुशाल घालता येतात. बंदी असते ती त्या जागी दुसरी यादी ठेवण्यावर. यादीलाच कुलूप हवे असेल तर ती ‘लिस्ट.ऑफ’ने तयार करता येते.