संगणक घ्यायचाय? एकत्र घ्यावा की सुटा?



जून उजाडला की घरोघरी याद्या सुरू होतात. वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट, बुटांचा नवा जोड. हल्ली त्या यादीच्या शेवटी आणखी एक वस्तू येऊन बसली आहे, ती म्हणजे संगणक. मोबाइलवर सगळं होतं असं म्हणतात खरं. पण मुलगी अकरावीला गेली, तिला प्रकल्प टाईप करायचे असले, आपल्याला शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या असल्या, किंवा घरच्यांना कराचा हिशेब मांडायचा असला, की तळहाताएवढा पडदा पुरत नाही. मग एखाद्या रविवारी सगळे मिळून दुकानात जातात.

दुकानात दोन प्रकार मांडलेले असतात. एक 'ऑल-इन-वन'. टीव्हीसारखा एकच पातळ पडदा, संगणकाचं सगळं पोट त्याच्याच पाठीत दडवलेलं, भिंतीकडे जाणारी वायर बहुधा एकच. दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा. मॉनिटर वेगळा आणि खाली तो डबा, ज्याला आपण सगळेच 'सीपीयू' म्हणतो. (खरा सीपीयू म्हणजे डब्याच्या आतली एक लहानशी चिप, पण नाव डब्यालाच चिकटलं आहे, तेव्हा आपणही तेच म्हणू.) २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत आपल्यापैकी कितीजणी अशाच डब्यांसमोर बसून शिकल्या असतील!

अशा वेळी घरातल्या मंडळींचं लक्ष किमतीवर असतं, मुलाचं लक्ष खेळ चालतील का यावर असतं, आणि आपल्याला विचारतात ते एवढंच, "तुला कुठला छान दिसतो?" आता दिसायला ऑल-इन-वन छानच दिसतो, यात वाद नाही. पण ती वस्तू पुढे आठ-दहा वर्षं पुसणार कोण, बिघडली की दुरुस्तीवाल्याला फोन करणार कोण, आणि महिन्याच्या खर्चातून तिचे पैसे काढणार कोण? तेव्हा दिसण्यापलीकडचे प्रश्नही आपणच विचारलेले बरे.

आधी ऑल-इन-वनची बाजू ऐकू. ही कल्पना काही आजची नाही. १९८४ साली अ‍ॅपल कंपनीने जो मॅकिंतोश काढला, त्यात ९ इंची पडदा आणि संगणक एकाच खोक्यात होता. १९९८ मध्ये त्याच कंपनीचा रंगीत पाठीचा आयमॅक आला, तोही एकत्रच. तेव्हापासून लोकांना हा आटोपशीरपणा आवडत आला आहे, आणि त्याला कारणंही आहेत. जागा कमी लागते. कॅमेरा, माइक, स्पीकर बहुतेकांत बसवलेलेच असतात, त्यामुळे परदेशातल्या मुलाशी किंवा माहेरच्यांशी बोलायला वेगळं काही आणावं लागत नाही. रांगतं मूल घरात असेल तर ओढायला वायरी कमी. घरात सासू-सासरे वापरणारे असतील तर बटण एकच, गोंधळ नाही. नवऱ्याची बदलीची नोकरी असेल तर एका खोक्यात घातला की सामानाबरोबर निघाला.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की पडद्याचं आयुष्य आणि संगणकाचं आयुष्य सारखं नसतं.

आपला कुकर पाहा. कुकरचं भांडं पंधरा-वीस वर्षं टिकतं. रिंग मात्र वर्षा-दोन वर्षांत सैल पडते, शिट्टी बदलावी लागते. रिंग सुटी मिळते म्हणून कुकर टिकतो. उद्या कोणी रिंग भांड्यालाच कायमची चिकटवून दिली, तर रिंग गेली की भांडंही भंगारात जाईल. चांगला मॉनिटर हा त्या भांड्यासारखा आहे. नीट वापरला तर दहा वर्षं सहज जातो. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे 'फुल एचडी' पडदा दहा वर्षांपूर्वी जसा वाचायला चालत होता, तसाच आजही चालतो. आतला संगणक मात्र पाच-सहा वर्षांत धापा टाकायला लागतो. नवे प्रोग्राम जड होत जातात, साठवायची जागा भरते, जुन्या यंत्रणेला नव्या सुधारणा मिळेनाशा होतात.

याचं ताजं उदाहरण सांगते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. पुढची विंडोज ११ हवी असेल, तर संगणकात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीत बसणारा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१५-१६ च्या सुमाराला घेतलेले कितीतरी संगणक, चालू असूनही, या अटीत नापास झाले. ज्यांचा मॉनिटर सुटा होता, त्यांनी डबा बदलला आणि जुन्याच पडद्याला जोडला. ज्यांचा ऑल-इन-वन होता, त्यांच्या हातात एक निरोगी, लख्ख पडदा राहिला आणि तो बहुधा दुसऱ्या कशालाच जोडता येत नव्हता.

पैशांत मांडून पाहू. आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावातला भाव विचारून ते बदला. समजा ऑल-इन-वन ५०,००० रुपयांना आहे. सुट्या प्रकारात डबा ३६,०००, मॉनिटर ९,००० आणि कीबोर्ड, माऊस, कॅमेरा, स्पीकर मिळून ४,०००, म्हणजे ४९,०००. पहिल्या दिवशी फरक फक्त हजाराचा, तेव्हा कोणीही म्हणेल, "मग छान दिसणाराच घेऊ या." पण सहा वर्षांनी ऑल-इन-वन बदलायचा तर पुन्हा ५०,०००. सुट्यात नुसता डबा, ३६,०००. बारा वर्षांचा खर्च एकीकडे एक लाख, दुसरीकडे ८५,०००. पंधरा हजारांत मुलीच्या एखाद्या क्लासची फी निघते, नाही का?

दुरुस्तीचंही तसंच आहे. ऑल-इन-वन बारीक दिसावा म्हणून आतले भाग बरेचदा लॅपटॉपच्या जातीचे घालतात. आत हवा खेळायला जागा थोडी, आणि आपल्याकडची धूळ तर तुम्हाला ठाऊकच आहे. काही मॉडेल्समध्ये साफ करायलाही पडदाच उतरवावा लागतो, काहींत तो चिकटवलेला असतो. मग गावातला दुरुस्तीवाला हात लावायला कचरतो आणि सांगतो, "वहिनी, हे कंपनीतच पाठवावं लागेल." तोवर मुलांचा अभ्यास आणि आपलं काम दोन्ही अडून बसतं. सुटा डबा मात्र चार स्क्रू काढले की उघडतो. मेमरी वाढवायची, डिस्क बदलायची, पंख्यावरची धूळ उडवायची, ही कामं तालुक्याच्या गावातही होतात. मॉनिटर बिघडला तर शेजाऱ्यांचा चार दिवस मागून आणता येतो.

आणखी एक उपयोग सहसा कोणी सांगत नाही. सुट्या मॉनिटरला घरातला लॅपटॉपही एका वायरने जोडता येतो. ज्या घरात ऑफिसचा लॅपटॉप येतो, तिथे दिवसभर मान खाली घालून बसण्यापेक्षा तो मोठ्या पडद्याला जोडून काम केलेलं बरं. हीच सोय ऑल-इन-वनमध्ये मिळेल का, असं विचारलंत तर दुकानातला मुलगा पाठीमागचं एचडीएमआयचं भोक दाखवेल आणि म्हणेल, "आहे ना!" इथे जरा थांबा. ते भोक बरेचदा चित्र बाहेर पाठवण्याचं असतं, आत घेण्याचं नसतं. दिसायला दोन्ही सारखीच! 'एचडीएमआय इन' आहे का, असंच स्पष्ट विचारा, आणि शक्य असेल तर तिथेच लॅपटॉप जोडून दाखवायला सांगा. तशी सोय असलेले ऑल-इन-वन आहेत, आणि ते मिळत असेल तर संगणक म्हातारा झाल्यावरही पडदा कामाला येतो. नुसतं मोठ्या नावावर जाऊ नका. अ‍ॅपलच्या २००९ ते २०१४ च्या दरम्यानच्या बऱ्याच आयमॅकमध्ये, ते दुसऱ्या मॅकचा पडदा म्हणून वापरायची सोय होती. २०१४ च्या अखेरीस आलेल्या भारी पडद्याच्या २७ इंची आयमॅकपासून ती गेली.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, पण आमच्या दोन खोल्यांत तो डबा आणि वायरी ठेवायच्या कुठे?" त्यालाही तोड आहे. हल्ली 'मिनी पीसी' नावाचे छोटे संगणक मिळतात. मसाल्याच्या डब्याहूनही लहान. २०२४ च्या अखेरीस आलेला मॅक मिनी तर लांबी-रुंदीला पावणेतेरा सेंटीमीटरही नाही, आणि विंडोजवर चालणारे मिनी पीसीही अनेक कंपन्यांचे आहेत. बऱ्याच मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार भोकं असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर. तिला 'व्हेसा'ची सोय म्हणतात. त्या भोकांवर पट्टी बसवून मिनी पीसी पाठीमागेच अडकवता येतो. समोरून पाहणाऱ्याला वाटावं ऑल-इन-वनच आहे, आणि उद्या वेगळं करायची वेळ आली तर चार स्क्रू काढले की झालं. माझं मत विचाराल, तर लहान घरासाठी हाच मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा. मात्र खेळांचा शौकीन मुलगा घरात असेल, तर मिनी पीसीवर जड खेळ नीट चालतीलच असं नाही. ते आधीच बोलून ठेवा, म्हणजे नंतर रुसवे-फुगवे नकोत.

डोळ्यांचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठलाही पडदा घ्या, त्याची वरची कड आपल्या डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी, आणि पडदा हातभर लांब. ऑल-इन-वन आणि स्वस्तातले मॉनिटर दोन्ही बरेचदा नुसते मागे-पुढे कलतात, वर-खाली होत नाहीत. मग खाली एखादा भक्कम पाट ठेवा. मुलं बसली की पाट काढा, आपण बसलो की ठेवा. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा. मुलांनाही तशी सवय लावा.

दुकानात जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या:

१. ठेवायची जागा घरी टेपने मोजा. २४ इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २४ इंच. रुंदी साधारण २१ इंच भरते, स्टँडची जागा वेगळी.

२. मेमरी आणि डिस्क नंतर वाढवता येते का, आणि ती कोण वाढवून देईल?

३. हमी किती वर्षांची? पडदा त्यात धरला आहे का? दुरुस्ती घरी येऊन करतात की यंत्र पाठवावं लागतं?

४. ऑल-इन-वन असेल तर 'एचडीएमआय इन' आहे का? मॉनिटर असेल तर व्हेसाची भोकं आहेत का?

५. मॉनिटरमध्ये स्पीकर आहेत का? बऱ्याच मॉनिटरमध्ये नसतात. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे धरा.

६. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी यूपीएस हवाच. यांना लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. वीज गेली की अर्धी टाईप केलेली प्रश्नपत्रिका गेलीच म्हणून समजा.

ज्यांच्या घरी आधीच ऑल-इन-वन आहे, त्यांनी हे वाचून हळहळू नये. तो चालतो आहे तोवर खुशाल वापरा. विंडोज ११ च्या अटीत बसत नसेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली त्यात टाकता येते का, हे एखाद्या जाणकाराला विचारा. टायपिंग, मुलांचे व्हिडिओ आणि ईमेल एवढ्याला ती पुरते. अगदीच निकामी झाला तर भंगारवाल्याला देऊन मोकळ्या होऊ नका. ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रात द्या, आणि देण्याआधी त्यातले फोटो, बँकेची कागदपत्रं काढून घेऊन डिस्क पुसायला विसरू नका.

आणि ज्या अजून घ्यायच्या आहेत, त्यांना एवढंच सांगते. बदलीची नोकरी असेल, घरात वापरणारे वयस्क असतील, वायरींची खरोखरच धास्ती असेल, तर ऑल-इन-वन खुशाल घ्या, पण 'एचडीएमआय इन'चा घ्या. नाहीतर पडदा आधी निवडा, चांगला निवडा, आणि संगणक त्याला नंतर जोडा. या रविवारी "तुला कुठला छान दिसतो?" असं कोणी विचारलं, तर पर्समधून ही चिठ्ठी काढा आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.